नळीच तर होती!

"नळीच तर होती!" बाबा म्हणाले आणि पाकिटातून काढलेल्या दोन पाचशेच्या नोटांपैकी एक परत आत ठेवली.

मिस्त्री काही बोलला नाही. साडेतीन तास तो आमच्या गाडीच्या बॉनेटमध्ये आणि मग गाडीखाली होता. बिल हजार रुपयांचं होतं. दीडशेची पेट्रोलची रबरी नळी, साठच्या दोन क्लिपा, बाकी मजुरी. त्याआधीच्या तीन महिन्यांत ह्याच बिघाडापायी आम्ही साडेआठ हजार रुपये घालवले होते आणि त्यातल्या एका रुपयासाठीही बाबांनी घासाघीस केली नव्हती. कारण त्या प्रत्येक वेळी काहीतरी नवं, चकचकीत, खोक्यातून निघालेलं गाडीला बसलं होतं.

हा लेख बाबांविरुद्ध आहे. माझ्याविरुद्धही आहे, आणि बहुतेक तुमच्याविरुद्धही. आपल्याला वस्तूचे पैसे द्यायला जड जात नाही. बिघाड शोधण्याचे पैसे मात्र आपल्याला लुबाडल्यासारखे वाटतात. मग शोधणारे कमी होतात आणि "बदलून टाका" म्हणणारे उरतात, आणि आपण तक्रार करतो की हल्ली कुणाला काही येत नाही.

आधी गाडीबद्दल. १९९८ ची मारुती ८००. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कार्बोरेटरवाली. २००० च्या आसपास ह्या गाडीत फ्युएल इंजेक्शन आलं, आमची त्याआधीची. माझ्याहून ती काही महिन्यांनी लहान आहे आणि घरात तिचे लाड माझ्याहून जास्त झालेत. बाबा कोल्हापुरात शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांची सगळी ये-जा ह्याच गाडीने. मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो आणि महिन्यातून एकदा घरी जातो.

जुलै २०२५ पासून तिला खोड लागली. सकाळी पहिल्या सेल्फला चालू. दिवसभर पळाली तरी तक्रार नाही. पण तापलेली गाडी दहा मिनिटं कुठे बंद करून ठेवली की पुन्हा चालू व्हायची नाही. सेल्फ फिरतोय, इंजिन गचके खातंय, आणि पेट्रोलचा असा वास की आसपासची माणसं वळून बघतात. अर्धा तास थांबलं की मुकाट चालू. गॅरेजच्या भाषेत, 'ओव्हरफ्लो मारतंय'. एकदा ज्योतिबाहून येताना आई बरोबर होती. चहाला थांबले, परत आले, तेच. बाबांनी बॉनेट उघडलं तर कार्बोरेटर बाहेरून ओला, आणि खाली इंजिन हात लावता येणार नाही इतकं तापलेलं. त्या दिवसापासून आई रिक्षाने जायला लागली. तिचं बरोबरच होतं. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल आणि शेजारी ठिणगी पाडणाऱ्या वायरी, हा गंमतीचा प्रकार नाही.

कार्बोरेटर आतून कसा चालतो हे मला चांगलं माहीत होतं. माझी डिग्री मेकॅनिकलची आहे. (आमच्या बॅचमधले निम्म्याहून जास्त मेकॅनिकलवाले आयटीत आहेत, त्यावर वेगळा लेख होईल.) 'साध्या कार्बोरेटरची सुबक आकृती काढून कार्य स्पष्ट करा' ह्या प्रश्नाला मी पेन्सिलने शेडिंगसकट उत्तर लिहिलंय आणि त्याचे मार्कही घेतलेत. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत फुगा असतो ना, पाणी वर आलं की फुगा वर येतो आणि नळ बंद होतो? कार्बोरेटरच्या पोटात तेच आहे. छोट्या वाटीत पेट्रोल, त्यावर फ्लोट, फ्लोटच्या दांडीवर टेकलेली सुई. पेट्रोल ठरलेल्या पातळीला आलं की सुई वाट बंद करते. इंजिन हवा ओढतं, ती अरुंद गळ्यातून जाताना तिचा दाब उतरतो, आणि वाटीतलं पेट्रोल नोझलमधून त्या हवेत खेचलं जातं. वाटीतली पातळी वाढली की कुणी न खेचताच ते गळ्यात सांडतं. झालं ओव्हरफ्लो. पण प्रयोगशाळेत आमच्याकडे होता तो अर्धा कापून लाल-निळा रंगवलेला, काचेच्या कपाटातला कार्बोरेटर. त्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते हे चार वर्षांत कळलं नाही.

पहिला उपाय पन्नास रुपयांचा. बाबांच्या ओळखीतले एक वयस्कर मेकॅनिक. त्यांनी इंजिन चालू करायला लावलं, डोळे मिटले, मान कलती केली, आणि मिक्श्चरचा स्क्रू अर्धा आटा फिरवला. "झालं." मी त्याचा व्हिडिओ काढून स्टोरीला टाकला, वर लिहिलं 'डिग्री विरुद्ध अनुभव'. बदाम आणि टाळ्या ढिगाने. तिसऱ्या दिवशी बाबा महाद्वार रोडला अर्धा तास अडकून पडले, तोवर स्टोरी उडून गेली होती. त्या स्क्रूने फार तर आयडलिंगचं मिश्रण कमी-जास्त होतं. वाटीतल्या पातळीशी त्याचा संबंध नाही. हे मला ठाऊक होतं, आकृतीत मी तो स्क्रू स्वतःच्या हाताने काढलेला होता. पण डोळे मिटलेल्या माणसाला प्रश्न विचारायचा नसतो असं कुठेतरी डोक्यात बसलंय.

दुसरा उपाय कार्बोरेटर किट. नवी सुई, नवी सीट, पॅकिंगं. मजुरीसह चौदाशे. फरक शून्य. मग प्लग, फिल्टर आणि ऑइल, नऊशे. ऑइल बदलणं योग्यच होतं, डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत होता. पण ते परिणामाचं निस्तरणं झालं. शेवटी एका मोठ्या, एसी वेटिंग रूमवाल्या गॅरेजने लॅपटॉपवर बघून सांगितलं की कार्बोरेटरच गेलाय, पूर्ण बदलून टाका. सहा हजार दोनशे. बाबांनी दिले. मी पुण्याहून फोनवर म्हणालो, "बदला बाबा, एकदाचा विषय संपेल."

विषय संपला नाही. कोऱ्या कार्बोरेटरने आठवड्याभरात तेच केलं.

इथे थांबून माझ्या दोषाचा हिशेब नीट मांडतो. ऑफिसात रात्री दोनला सर्व्हर पडला तर आमचा पहिला प्रश्न असतो, काल काय बदललं? ज्युनिअरला मी पहिल्या आठवड्यात हे शिकवतो. एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर कशाने काय झालं कळणार नाही, हेही शिकवतो. घरच्या गाडीसाठी तीन महिन्यांत मी ह्यातला एकही प्रश्न विचारला नाही. विचारला असता तर बाबांनी सांगितलं असतं की जूनमध्ये, पावसाआधी, खालचा पत्रा सडला होता तो पॅच मारून घेतला आणि वर काळा अँटीरस्ट कोट दिला. नंतर तर ते स्वतःहून म्हणाले, "पण त्याचा काय संबंध?"

ऑगस्टमध्ये मात्र मला उत्तर फुकट मिळालं. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळीकडे ई-२० चाललं होतं. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल घालण्याचं २०३० चं उद्दिष्ट सरकारने २०२५ वर आणलं, आणि जुन्या गाड्यांचे मालक चिडले. चिडायला जागा आहे. इथेनॉल पाणी ओढतं, जुन्या जातीच्या रबराला फुगवतं, लिटरमागे त्यात ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असते, आणि नेहमीच्या पंपावर साध्या गाडीवाल्याला दुसरा पर्याय जवळजवळ ठेवलेला नाही. मी फॅमिली ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला की आपली गाडी ई-२० ने मारली. मामांनी तो आणखी चार ग्रुपांवर पाठवला.

आता दोन मिनिटं आकडे बघा. जाळायला पेट्रोलला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, शुद्ध इथेनॉलला ९ पट. २० टक्के मिसळलं की गरज साडेतेराच्या आसपास येते. इंजेक्शनवाल्या गाडीचा सेन्सर हे ओळखून इंधन थोडं वाढवतो. कार्बोरेटरला काही कळत नाही, तो जुन्याच प्रमाणात देत राहतो. म्हणजे ई-२० वर कार्बोरेटरवाली गाडी लीन चालेल, तिला पेट्रोल कमी पडेल. आमच्या गाडीला जास्त होत होतं. इथेनॉलने मिश्रणाची वाफ थोडी लवकर होते, तेवढा हातभार लागलाही असेल. पण माझा मेसेज हे सगळं तपासून लिहिलेला नव्हता. राग आधीच तयार होता, त्याला गाडी सापडली. ज्या धोरणावर खरंच भांडायला हवं, त्याच्या विरोधात मी एक खोटा पुरावा पाच ग्रुपांवर सोडला होता.

ऑक्टोबरात दिवाळीला गेलो तेव्हा शेजाऱ्यांनी शिवाजी उद्यमनगरातला हा मिस्त्री सांगितला. पस्तिशीचा, आयटीआय केलेला. त्याने गाडीला हात लावण्याआधी विचारलं, "सर, वास कधी येतोय? गाडी चालू असताना, का बंद केल्यावर?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी बाबांकडे. तीन महिने, चार गॅरेजं, साडेआठ हजार रुपये, आणि हे आम्हांला कुणी विचारलं नव्हतं.

"मग बघूया की," तो म्हणाला.

त्याने एअर फिल्टरचं झाकण काढलं आणि गाडी चालू ठेवली. आमच्या कार्बोरेटरच्या वाटीला एक छोटी गोल काच आहे. मध्ये खूण असते आणि पेट्रोल त्या खुणेपाशी दिसायला हवं. तीन महिन्यांत त्या काचेत कुणी डोकावलं नव्हतं, मीही नाही. वीस मिनिटं इंजिन चाललं, पेट्रोल खुणेवर. गळ्यात टॉर्च मारला, कोरडा. म्हणजे पंप पेट्रोल ढकलत असताना सुई व्यवस्थित धरत होती. मग त्याने किल्ली बंद केली, स्टूल ओढलं आणि बसला. बाबा दोन वेळा म्हणाले, "काय करतोयस?" "बसलोय, सर."

सातव्या मिनिटाला काचेतली पातळी खुणेच्या वर सरकली. मग नोझलच्या टोकाला थेंब धरला आणि पडला. मग दुसरा.

हे दिसायला किरकोळ आहे पण त्यात सगळं आहे. आमच्या गाडीचा पंप यांत्रिक, कॅमशाफ्टवर चालणारा. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. टाकी मागे, कार्बोरेटरपेक्षा खाली, म्हणजे उतारानेही पेट्रोल येणार नाही. मग बंद गाडीत पेट्रोल ढकलतंय कोण? उरते फक्त उष्णता. एक तर वाटीतलंच पेट्रोल उकळून नोझलमधून वर येतंय. किंवा पंप आणि कार्बोरेटरच्या मधल्या नळीत अडकलेलं पेट्रोल तापून फुगतंय, त्याची वाफ होतेय, आणि तो दाब सुईला मागे सारतोय. दोन शक्यता. सुई, सीट, फ्लोट, म्हणजे आम्ही बदललेलं सगळं, संशयितांच्या यादीतून बाहेर.

दुसऱ्या शक्यतेला एक उपाय कारखान्यानेच करून ठेवलाय. पंपाला तीन तोंडं आहेत. एक टाकीकडून, एक कार्बोरेटरकडे, आणि तिसरं रिटर्न, जे जास्तीचं पेट्रोल आणि वाफ परत टाकीत नेतं. गाडी बंद झाल्यावर नळीतला दाब तिथूनच उतरतो. मिस्त्रीने इंजिन गार होऊ दिलं (आणखी पाऊण तास, बाबा चहा पिऊन आले), रिटर्नची नळी पंपावरून काढली, तिथे दुसरी लावून लांब ठेवलेल्या बाटलीत सोडली. गाडी चालू केली, बाटलीत बारीक धार. तापवली, बंद केली, पुन्हा स्टूल. दहा मिनिटं. वीस मिनिटं. काचेतली पातळी हलली नाही. वाटी उकळत असती तर बाटली लावून काही फरक पडला नसता.

मग त्याने टाकीकडे जाणाऱ्या रिटर्न पाइपात फुंकर मारली. गाल फुगले, हवा जाईना. गाडीखाली शिरून काळा अँटीरस्ट कोट खरवडला. जॅक लावायच्या जागेशेजारी, जूनच्या पॅचपासून वीतभर अंतरावर, पाइप चपटा. पत्र्याचं काम करताना कुणीतरी जॅक चुकीच्या जागी लावला होता आणि वरून कोट मारल्यामुळे तो दिसत नव्हता. मिस्त्रीने चपटा तुकडा करवतीने कापून काढला, मध्ये पेट्रोलची रबरी नळी घातली, दोन क्लिपा आवळल्या.

आणि बाबा म्हणाले, "नळीच तर होती!"

मी एकदा एका प्रोग्राममधली चूक चार दिवस शोधत होतो. काही ग्राहकांची बिलं एक दिवस आधीची तारीख घेऊन निघत होती. कारण निघालं टाइमझोनचं, आणि दुरुस्ती एका ओळीची होती. मॅनेजरने सगळ्या टीमला मेल करून माझं कौतुक केलं. त्या चार दिवसांचा पगार मिळाला. "ओळच तर होती" असं कुणी म्हणालं नाही. मग मिस्त्रीच्या साडेतीन तासांना आपण वेगळी फुटपट्टी का लावतो? त्याचे हात काळे असतात म्हणून?

त्याच्या बिलात दोनच रकाने असतात, पार्ट आणि लेबर. लेबर म्हणजे पार्ट बसवण्याचे पैसे. शोधण्याचा रकानाच नाही. अशा बिलात शहाणा माणूस काय करेल? स्टुलावर सात मिनिटं बसेल, की सहा हजारांचं खोकं उघडेल? खोकं उघडलं तर गिऱ्हाईक खूश आणि दुकानदाराकडून कमिशनही. स्टुलावर बसलं तर "काय करतोयस?" आणि शेवटी अर्धे पैसे. डॉक्टरकडेही आपण हेच करतो. त्याने तपासून "काही नाही, दोन दिवस आराम करा" म्हटलं की फी फुकट गेली असं वाटतं. सलाइन लावलं की पैसे वसूल.

डोळे मिटून मान कलती करणाऱ्या उस्तादांचं कौतुकही ह्याच जातीचं आहे. आवाजावरून ओळखतो, हातात जादू आहे, डिग्री काय कामाची, अशा कौतुकाने मराठीतले कितीतरी लेख आणि हल्लीच्या सगळ्या रील भरल्यात. आपण समजतो की आपण त्या माणसाचा मान वाढवतो. पण जादूला वेळ लागत नाही, मेहनत लागत नाही, मग पैसे कशाचे मागता? जादूला पन्नासची नोट पुरते. आणि जादू चुकते तेव्हा कुठे चुकली हे शोधता येत नाही. उद्यमनगरच्या मिस्त्रीला मी उत्साहाने विचारलं होतं, "आवाजावरून काही कळतं का?" तो म्हणाला, "आवाजावरनं एवढं कळतंय की गाडी चालू हाय."

एक आक्षेप रास्त आहे. शोधण्याचे पैसे द्यायचे ठरवलं तर कुणीही चार तास टाइमपास करून बिल लावेल. लावेल की. म्हणून विचारायचं: काय तपासलं, काय दिसलं, त्यामुळे काय वगळलं? आमच्या मिस्त्रीकडे प्रत्येकाचं उत्तर होतं आणि ते डोळ्यांनी दिसत होतं. सहा हजार दोनशेवाल्याला आम्ही ह्यातलं काहीच विचारलं नव्हतं. आणि शोधूनही सापडलं नाही तर? तरी पैसे द्यावेत असं माझं म्हणणं आहे, आणि ह्यावर घरात माझ्या बाजूने कुणी नाही. चार शक्यता खऱ्या अर्थाने बाद करून दिल्या तर पुढच्या माणसाचे तेवढे तास वाचतात. आमच्या आधीच्या चौघांनी एकही बाद केली नव्हती, आणि चौघांनाही आम्ही पूर्ण पैसे दिले.

दुसरा आक्षेप: सत्तावीस वर्षांच्या गाडीवर एवढं कशाला? १५ वर्षांवरच्या गाडीच्या फेरनोंदणीची फी २०२२ मध्येच ६०० वरून ५,००० झाली, भंगारात काढा. काढा. तो हिशेब प्रत्येकाचा वेगळा. पण आधी बिघाड काय आहे ते तरी कळू द्या. नळीच्या चपट्या तुकड्यापायी गाडी भंगारात जायची वेळ आमच्याकडे आली होतीच, सप्टेंबरात मी एकाकडून भावही काढला होता.

बाबांनी पाचशे दिले. ते गाडी वळवत असताना मी मिस्त्रीच्या भिंतीवरचा क्यूआर स्कॅन करून उरलेले पाचशे पाठवले. स्पीकर खणखणीत आवाजात बोलला, "पाचशे रुपये प्राप्त हुए." बाबांनी ऐकलं. रंकाळ्यापर्यंत कुणी बोललं नाही. मग म्हणाले, "तुमच्याकडं पैसे जास्त झालेत."

फॅमिली ग्रुपवर मी दुरुस्तीचा मेसेज टाकला, की ई-२० ने आमची गाडी मारली नव्हती. मामांनी अंगठा दाखवला. पुढे पाठवला नाही.

आई परवा पहिल्यांदा गाडीत बसली. काच शेवटपर्यंत खाली ठेवून.

जुना कार्बोरेटर माळ्यावर आहे. मी तो खाली काढून धुतला. फ्लोट कानाशी हलवून पाहिला, आत पेट्रोल नाही. गरम पाण्यात बुडवून पाहिला, बुडबुडा आला नाही. सुई वर दाबून फुंकलं, हवा जात नाही. १९९८ च्या आसपासच्या मारुती ८०० साठी कुणाला हवा असेल तर कळवा. चालू स्थितीत आहे.